गुण्या, कर्कटक आणि त्रिकोणातला डोळा

(वाचनासाठी : 1 राजे, अध्याय 5 ते 7, 1 पेत्र 2:4-8)



धर्मगुरूंना अधूनमधून दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न मोबाईलवरून आलेला असतो. कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र पाठवतो : त्रिकोणात एक डोळा आणि भोवती किरण. खाली मजकूर असतो की हे फ्रीमेसन लोकांचे गुप्त चिन्ह आहे, जिथे दिसेल तिथून काढून टाका, आणि हा संदेश दहा जणांना पाठवा. मग एखादी मावशी सासूबाईंच्या वेळचे पवित्र चित्र पिशवीत घालून घेऊन येते आणि विचारते, "फादर, हे घरात ठेवू की जाळून टाकू?"

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. "धंद्यातल्या एका मित्राने लॉजमध्ये यायचे आमंत्रण दिले आहे. चांगली शिकलेली माणसे आहेत, दानधर्म करतात, आत बायबलही ठेवलेले असते. मग चर्चची हरकत का?"

पहिल्या प्रश्नात चिन्हाची भीती फार आहे, दुसऱ्यात फारच कमी. दोन्हींचे उत्तर द्यायचे तर एकच गोष्ट समजून घ्यावी लागते : ही चिन्हे आली कुठून, आणि लॉजमध्ये त्यांना काय बोलायला लावले जाते. आजच्या अभ्यासासाठी तोच विषय घेतला आहे.

गवंड्यांची झोपडी

लॉज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बोर्डिंग-लॉजिंगची पाटी येते. येथे तो अर्थ नाही. मध्ययुगात युरोपात मोठमोठी कॅथेड्रल बांधली जात होती. एकेका कॅथेड्रलचे काम पन्नास, शंभर वर्षे चाले. बांधकामाच्या भिंतीला लागूनच पाथरवट व गवंडी यांच्यासाठी एक छप्पर उभारलेले असे. तिथे दगड घडवायचे, हत्यारे ठेवायची, दुपारची भाकरी खायची, थोडा वेळ आडवे व्हायचे. या छपराला इंग्रजीत 'लॉज' म्हणत. 'मेसन' म्हणजे गवंडी. तेव्हा आज ज्या संस्थेच्या नावाने गूढ गोष्टी सांगितल्या जातात तिच्या नावाचा मूळ अर्थ इतका साधा आहे : बांधकामावरची गवंड्यांची झोपडी.

आणि हे गवंडी कोण होते? ते आपलेच, कॅथलिक होते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचे एक हस्तलिखित आहे, 'रीजियस हस्तलिखित' या नावाने ते ओळखले जाते. गवंड्यांचे नियम त्यात जुन्या इंग्रजीत पद्यरूपाने दिले आहेत. उमेदवाराला कसे शिकवावे, मजुरी किती द्यावी, सोबत्याचे काम बिघडवू नये, असे व्यवहारी नियम. पण शेवटी काय येते? मिस्साला गेल्यावर कसे वागावे याच्या सूचना! चर्चमध्ये शिरताना पवित्र पाणी घ्यावे, बडबड करू नये, गुडघे टेकावे. आजही काही मंडळींना वाचून दाखवाव्यात अशा त्या सूचना आहेत.

त्याच हस्तलिखितात चार मुकुटधारी हुतात्म्यांची गोष्ट आहे. हे पाथरवटांचे आश्रयदाते संत. रोममध्ये त्यांच्या नावाचे प्राचीन चर्च आहे आणि 8 नोव्हेंबर हा त्यांचा स्मरणदिन. परंपरा अशी सांगते की, डायोक्लेशियन बादशहाच्या काळी हे कुशल ख्रिस्ती पाथरवट होते. खांब, शिल्पे, कमानी, सांगाल ते घडवून देत. पण बादशहाने एका देवतेची पूजेसाठी मूर्ती घडवायला सांगितली तेव्हा त्यांनी छिन्नी खाली ठेवली, आणि त्यासाठी प्राण दिले. हा दाखला लक्षात असू द्या. कामात ते कोणाशीही वैर धरत नव्हते, दगडालाही वाईट म्हणत नव्हते. तोच दगड, तेच हत्यार, पण आता त्यातून काय उभे राहणार आहे, एवढेच त्यांनी पाहिले.

हत्यारांना अर्थ कसा आला

कॅथेड्रलचे युग सरले. सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेची चळवळ झाली आणि मोठी चर्च बांधण्याचे काम अनेक देशांत थंडावले. स्कॉटलंडमध्ये राजाच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने 1598 व 1599 मध्ये गवंड्यांच्या लॉजसाठी नियम घालून दिले. एडिंबरो येथील लॉजची 1599 पासूनची दप्तरे आजही आहेत. पुढच्या शतकात ज्यांनी कधी थापी हातात धरली नाही असे लोक या लॉजमध्ये येऊ लागले. इंग्लंडमधील विद्वान एलायस अॅशमोल याने 1646 साली वॉरिंग्टन येथे आपण लॉजमध्ये दाखल झाल्याचे रोजनिशीत लिहून ठेवले आहे. असे सरदार, वकील, वैद्य आले. भिंत बांधणारे हळूहळू बाहेर पडले आणि हत्यारे मात्र आत राहिली.

परंपरेनुसार 24 जून 1717 रोजी लंडनमधील चार लॉज एका खानावळीत एकत्र आल्या आणि पहिली 'ग्रँड लॉज' स्थापन झाली. (अलीकडे काही इतिहासकार हे 1721 मध्ये घडले असावे असे म्हणतात.) 24 जून म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाचा जन्मदिन, हे आपल्या लगेच ध्यानात येईल. जुन्या गवंड्यांची भक्ती अशी तारखेत टिकून राहिली.

आता हत्यारे पाहू. घरबांधणीच्या कामावर उभे राहिलेल्या कोणालाही ही ओळखीची आहेत.

गुण्या काटकोन तपासतो. लॉजमध्ये त्याचा अर्थ सांगतात सरळ, चोख वागणूक. कर्कटकाने वर्तुळ काढतात. त्याचा अर्थ आपल्या वासनांना मर्यादेत ठेवणे. पाणसळ म्हणजे लेव्हल, तिचा अर्थ सर्व माणसे समान. ओळंबा भिंत सरळ उभी आहे की नाही ते दाखवतो, म्हणून तो सचोटीचे चिन्ह. ओबडधोबड दगड म्हणजे नवा उमेदवार, घडवलेला दगड म्हणजे सुधारलेला माणूस. पांढरा एप्रन हा कोकराच्या कातड्याचा असतो आणि निष्पाप जीवनाची खूण मानला जातो.

गुण्या आणि कर्कटक ही जोडी सर्वांत प्रसिद्ध. लॉजच्या सभेत ती उघडलेल्या पवित्र ग्रंथावर ठेवतात. सभासदाच्या तीन पायऱ्या असतात : उमेदवार, कारागीर आणि मुख्य गवंडी. पहिल्या पायरीवर कर्कटकाची दोन्ही टोके गुण्याखाली झाकलेली असतात, दुसरीत एक टोक वर येते, तिसरीत दोन्ही. गुण्या पृथ्वीचा व शरीराचा, कर्कटक आकाशाचा व आत्म्याचा, असेही काही जण त्याचे स्पष्टीकरण करतात. अमेरिकेत या जोडीच्या मधोमध बहुधा इंग्रजी 'जी' अक्षर असते. ते 'जॉमेट्री' म्हणजे भूमितीचे आद्याक्षर, आणि 'गॉड' या शब्दाचेही.

यात भिण्यासारखे काय आहे? काहीच नाही. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात आपल्याला जिवंत धोंडे म्हणतो आणि ख्रिस्ताला कोनशिला म्हणतो. संदेष्टा आमोस याने परमेश्वर हातात ओळंबा घेऊन उभा असल्याचा दृष्टान्त पाहिला. मध्ययुगीन बायबलच्या हस्तलिखितांत निर्माणकर्ता देव मोठे कर्कटक घेऊन जगाचे वर्तुळ आखत आहे अशी चित्रे काढलेली आहेत. हे कर्कटक पहिल्या ग्रँड लॉजपेक्षा कितीतरी शतकांनी जुने आहे. आणि प्रभू येशू स्वतः सुताराच्या घरात वाढला. गुण्या, पटाशी, आखणीची दोरी या वस्तू नाझरेथच्या घरात कोनाड्यात पडलेल्या असतील.

मंदिराचे दोन खांब

लॉजमधील दुसरी मोठी चिन्हे शलमोन राजाच्या मंदिरातून घेतली आहेत. दारात दोन खांब उभे असतात. 1 राजे 7:21 मध्ये त्यांची नावे दिली आहेत, याखीन आणि बवाज. हे पितळी खांब अठरा हात उंच होते आणि ते सोर येथील हिराम या कारागिराने ओतले. त्याची आई नफताली वंशातील विधवा होती. जर्मनीतील वुर्झबर्ग कॅथेड्रलमध्ये मध्ययुगात घडवलेल्या दोन गाठीदार खांबांवर हीच नावे कोरलेली आहेत. म्हणजे येथेही आपण लॉजच्या आधी होतो.

पण येथून पुढे वाट फुटते. बायबलमध्ये हिरामाने काम पूर्ण केले, एवढेच आहे. तो कसा वारला याविषयी एक शब्दही नाही. लॉजच्या तिसऱ्या पायरीच्या विधीत मात्र एक वेगळी कथा आहे : तीन कारागिरांनी मुख्य गवंड्याचे गुपित काढून घेण्यासाठी हिरामाला मंदिरात गाठले, त्याने ते सांगितले नाही म्हणून त्याला ठार केले आणि त्याच्या थडग्यावर बाभळीच्या जातीची डहाळी खोचली गेली. नव्या सभासदाला हिरामाच्या जागी आडवे पाडून पुन्हा उठवले जाते. ही कथा बायबलची नाही, जुन्या गवंड्यांच्या नियमांतही ती नाही. 1730 साली लंडनमध्ये सॅम्युएल प्रिचर्ड याने लॉजचे विधी उघड करणारे पुस्तक छापले, त्यात ती छापील स्वरूपात प्रथम दिसते.

तसेच लॉजच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीच्या फरशीचे. ती शलमोनाच्या मंदिराची फरशी आहे असे सांगण्याची प्रथा आहे, आणि काळे-पांढरे म्हणजे जीवनातील सुख-दुःख. अर्थ छान आहे, पण 1 राजे, अध्याय 6 वाचून पाहा : मंदिराची जमीन लाकडी फळ्यांची होती आणि तिच्यावर सोने मढवले होते. काळ्या-पांढऱ्या लाद्या तर पुष्कळ चर्चमध्ये आणि आपल्या जुन्या घरांच्या ओसरीवरही आहेत, त्या कोणत्याही गुप्त कारणाने बसवलेल्या नाहीत.

कवटी आणि दोन आडवी हाडे हे चिन्हही लॉजमध्ये आहे, मरणाचे स्मरण म्हणून. ते पाहून घाबरणाऱ्यांनी घरातला जुना क्रूस उतरवून पाहावा. आपल्याकडे व गोव्यात पोर्तुगीज घडणीच्या अनेक क्रूसांवर प्रभूच्या पायाखाली कवटी व हाडे असतात. प्राचीन ख्रिस्ती समजूत अशी की, गुलगुथा टेकडीखाली आदामाला पुरले होते आणि ख्रिस्ताचे रक्त त्याच्यावर ओघळले. संत जेरोम, संत फ्रान्सिस, संत मारिया माग्दालेना यांच्या चित्रांतही कवटी दिसते. सूर्य-चंद्राचेही तसेच, ते क्रूसमरणाच्या जुन्या चित्रांत दोन बाजूंना असतात.

आणि तो डोळा

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ. त्रिकोण म्हणजे पवित्र त्रैक्य. डोळा म्हणजे सर्व पाहणारा परमेश्वर. स्तोत्रसंहिता 33 मध्ये परमेश्वराची नजर त्याचे भय धरणाऱ्यांवर असते असे म्हटले आहे. नजर म्हणजे पाळत नव्हे, काळजी. आई ओट्यापाशी काम करता करता अंगणातल्या बाळावर डोळा ठेवते, तशी.

फ्लॉरेन्स येथील उफिझी संग्रहालयात पोन्तोर्मो या चित्रकाराचे 1525 मधील 'अम्माऊस येथील भोजन' हे चित्र आहे. प्रभू भाकर हातात घेऊन बसला आहे आणि त्याच्या डोक्यावर त्रिकोणात डोळा आहे. तज्ज्ञांच्या मते हा डोळा चित्रकाराने काढलेला नसून नंतर रंगवलेला आहे : मूळ चित्रात तीन तोंडांचा एक चेहरा होता. त्रैक्य दाखवण्याची ती रीत ख्रिस्तसभेने गैर ठरवली, तेव्हा त्यावर हा डोळा आला. म्हणजे त्रिकोणातला डोळा ही चर्चने चुकीच्या चित्राऐवजी स्वीकारलेली सुरक्षित खूण होती! पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात असंख्य वेद्यांच्या माथ्यावर ती बसली आणि तेथून छापील पवित्र चित्रांवर उतरली.

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरील डोळ्याची कथा व्हॉट्सअ‍ॅपवर फार चालते. तो डोळा 1782 च्या राजमुद्रेतला आहे, आणि नोटेवर तो 1935 मध्ये आला. राजमुद्रेसाठी 1776 साली पहिली समिती नेमली होती. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन हे फ्रीमेसन होते खरे, पण त्यांनी सुचवलेले चित्र मोशे तांबडा समुद्र पार करतो, असे होते. डोळा सुचवला तो समितीला मदत करणाऱ्या चित्रकाराने. अमेरिकेत लॉजच्या पुस्तकांतून डोळ्याचा मोठा प्रसार थॉमस स्मिथ वेब यांच्या 1797 मधील पुस्तकानंतर झाला. तेव्हा लॉजने डोळा आपल्याकडून घेतला. ते चित्र जाळू नका, मावशी. काच पुसून पुन्हा लावा.

मग चर्चची हरकत कशाला?

येथे दुसऱ्या प्रश्नाला सुरुवात होते, आणि तो अधिक गंभीर आहे. जुन्या गवंड्यांच्या नियमांत पहिला नियम देवावर व पवित्र ख्रिस्तसभेवर प्रेम करावे, असा होता. 1723 साली लंडनच्या ग्रँड लॉजसाठी जेम्स अँडरसन या प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने नवे विधान लिहिले. त्यात हा नियम बदलला. ज्या धर्माविषयी सर्व माणसे सहमत आहेत तेवढाच धर्म सभासदाकडून अपेक्षित ठेवला, बाकीची मते ज्याची त्याच्यापाशी. धर्मयुद्धांनी पोळलेल्या इंग्लंडला हे शहाणपणाचे वाटले, त्यात नवल नाही. पण परिणाम काय झाला तो पाहा. चिन्हे सगळी राहिली, मंदिर राहिले, खांब राहिले, बायबल राहिले. फक्त ज्याच्यासाठी ते सगळे होते तो ख्रिस्त 'खासगी मत' झाला. त्याच्या जागी 'विश्वाचा महान शिल्पकार' आला, ज्याला प्रत्येकाने आपापला अर्थ द्यावा.

भारतातील लॉजमध्ये हे सहज दिसते. 1961 मध्ये 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया' स्थापन झाली. येथील वेदीवर बायबलबरोबर इतर धर्मांचे ग्रंथही ठेवतात आणि ज्याचा जो धर्म त्याप्रमाणे तो शपथ घेतो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुंबईत 1843 साली जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी भारतीयांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली. त्याआधी माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश नाकारला गेला होता. ते पॅरिसला जाऊन सभासद झाले. गोरा साहेब आणि भारतीय माणूस एका ओळीत बसतील अशी ठिकाणे त्या काळी कितीशी होती? ती गोष्ट चांगलीच होती. मुंबईत फोर्ट भागात फ्रीमेसन्स हॉल आजही उभा आहे. उत्तरेकडे अशा इमारतींना लोक 'जादूघर' म्हणत. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग हे 1886 मध्ये लाहोरला फ्रीमेसन झाले, आणि त्यांच्या 'किम' या कादंबरीत तो शब्द आला आहे. आत जादू काही नव्हती. पण दार बंद असले की बाहेर गोष्टी तयार होतात.

इतर धर्मीयांबरोबर मैत्री करायला चर्चची मनाई नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करायला सांगितले. आपण शेजाऱ्याच्या घरी गणपतीला जातो, तो नाताळला येतो. त्यात प्रत्येक जण आपल्या श्रद्धेसह उभा असतो. लॉजमध्ये श्रद्धा दाराबाहेर ठेवून एक तिसराच विधी सर्वांनी मिळून करायचा असतो, त्यात वेदी असते, शपथ असते, मरण आणि पुन्हा उठणे असते. आपण बाप्तिस्म्यात ख्रिस्ताबरोबर मेलो आणि उठलो. पांढरे वस्त्र आपल्याला तेथे मिळाले. ते एकदा घेतल्यावर हिरामाच्या थडग्यात आडवे होऊन दुसरा प्रकाश मागायचा, यात विसंगती आहे की नाही, हे ज्याने त्याने शांतपणे स्वतःला विचारावे. लॉजची माणसे म्हणतात की आमचा हा धर्म नव्हे, केवळ नीतिशिक्षण आहे, आणि ते मनापासून म्हणतात. पण विधी माणसावर काम करतो, हे आपल्याला, मिस्साबलिदानाला जाणाऱ्या लोकांना, दुसऱ्या कोणी सांगायला नको.

दुसरी अडचण शपथेची. पोप बारावे क्लेमेंट यांनी 28 एप्रिल 1738 रोजी पहिली बंदी घातली तेव्हा निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र येऊन बायबलवर गुप्ततेची कडक शपथ घेणे, हे एक मुख्य कारण दिले होते. इंग्लंडच्या लॉजमधील शपथेत गुपित फोडणाऱ्याला भयानक शारीरिक शिक्षांचा उच्चार असे; तो भाग त्यांनी स्वतःच 1986 मध्ये शपथेतून काढून टाकला. पोप तेरावे लिओ यांनी 1884 मध्ये याच विषयावर परिपत्रक काढले. फ्रान्समधील मोठ्या संघटनेने 1877 मध्ये देवावरील श्रद्धेची अटच काढून टाकली होती आणि इटलीत, फ्रान्समध्ये चर्चविरोधी राजकारण जोरात होते, हे त्यामागे होते. भारतातील किंवा इंग्लंडमधील लॉजमध्ये देव मानावा लागतो, राजकारणाची चर्चा चालत नाही. तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. दुर्दैवाने आपल्याकडची काही भाषणे मोजतात.

1983 च्या नव्या धर्मसंहितेत फ्रीमेसन हे नाव आले नाही. नियम 1374 मध्ये चर्चविरुद्ध कट करणाऱ्या संघटना एवढाच उल्लेख आहे. लोकांना वाटले, बंदी उठली. म्हणून नवी संहिता अमलात येण्याच्या आदल्या दिवशी, 26 नोव्हेंबर 1983 रोजी, कार्डिनल जोसेफ रात्झिंगर यांच्या सहीने आणि पोप दुसरे जॉन पॉल यांच्या संमतीने खुलासा आला : चर्चचा निर्णय बदललेला नाही, जे सभासद होतात ते गंभीर पापाच्या स्थितीत असतात आणि त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेऊ नये. त्याआधी जर्मनीच्या बिशपांनी 1974 ते 1980 अशी सहा वर्षे फ्रीमेसन मंडळींशी संवाद केला होता, तिन्ही पायऱ्यांचे विधी अभ्यासले होते आणि दोन्हीकडे एकाच वेळी राहता येत नाही असा निष्कर्ष काढला होता. फिलिपिन्समधील एका बिशपांनी पुन्हा विचारले तेव्हा 13 नोव्हेंबर 2023 रोजी पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने तेच उत्तर आले.

गरज खरी असते

माणसे लॉजमध्ये का जातात? बहुतेक वेळा गूढ ज्ञानासाठी नव्हे. ओळखी हव्या असतात, अडचणीत कोणीतरी पाठीशी हवे असते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात घरातला कर्ता कारखान्यात मेला की बायकामुले रस्त्यावर येत. लॉजसारख्या संघटना सभासदाच्या विधवेला पैसे देत. 'ऑड फेलोज' ही त्यांतलीच एक, साखळीच्या तीन कड्या हे तिचे चिन्ह, मैत्री, प्रेम व सत्य हा त्यांचा अर्थ. भुकेल्या घरापुढे केवळ बंदीचे पत्रक वाचून काय होणार?

न्यू हेवन या गावातील सहायक धर्मगुरू फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी हे ओळखले. त्यांनी 1882 मध्ये सेंट मेरीज चर्चमध्ये मूठभर कामकरी पुरुषांना घेऊन 'नाइट्स ऑफ कोलंबस' ही संघटना काढली. सभासद आजारी पडला तर मदत, मेला तर कुटुंबाला विम्याची रक्कम. त्यांनीही चिन्ह घेतले : क्रूसावर ढाल आणि तिच्यावर नांगर व तलवार. त्यांचे प्रवेशविधीही बरीच वर्षे बंद दाराआड होत. 2020 पासून नवा विधी चर्चमध्ये, बायकामुलांसमोर उघडपणे करता येतो. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला फादर मॅकगिव्हनी यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

आपल्या आळीत कोणाचे निधन झाल्यावर पहिल्या महिन्याचा किराणा कोण भरतो, मुलाच्या फीचे काय होते, हा प्रश्न छोट्या ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत घ्यायला हरकत नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची माणसे आपली आहेत, त्यांना विचारा.

ज्यांना आमंत्रण आले आहे त्यांनी ते विनयाने नाकारावे. मैत्री तोडण्याचे कारण नाही. जे आधीच सभासद झाले आहेत आणि ज्यांना आता चुकल्यासारखे वाटते, त्यांनी घाबरू नये. 1917 च्या धर्मसंहितेतील बहिष्काराची शिक्षा आता आपोआप लागू होत नाही. लॉजला राजीनाम्याचे दोन ओळींचे पत्र पाठवावे आणि पापनिवेदनाला यावे. काय शपथ घेतली होती ते धर्मगुरूंना सविस्तर सांगण्याची गरज नाही, सभासद होतो व आता नाही, एवढे पुरे. पापनिवेदनाचे गुपित तर कोणत्याही लॉजपेक्षा पक्के असते.

आणि आजोबांच्या ट्रंकेत एखादा जुना एप्रन किंवा गुण्या-कर्कटकाचे पदक सापडले, तर त्यावर पवित्र पाणी शिंपडायला किंवा ते खाडीत टाकायला धावू नका. ते कातडे आणि पितळ आहे. आजोबांसाठी एक मिस्सा सांगा, आणि वस्तू जपून ठेवायची की एखाद्या संग्रहालयाला द्यायची ते घरच्यांनी मिळून ठरवा.